गाळलेली ओळ

या सदरात मी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या चुका काढतो अशी माझ्याविषयी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. यंदा माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या मराठी शाळेच्या मुलांनी डॉ. आनंदीबाई जोशींवर पंधरा मिनिटांचे नाटुकले केले. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असेल. लेखन माझे होते. शेवटचा प्रवेश आठवतो ना? ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया, स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजचा पदवीदान समारंभ. आनंदीबाई साडी नेसून व्यासपीठावर, आणि खाली प्रेक्षकांत खास या समारंभासाठी इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई. आपल्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीने रमाबाई झाली होती तशी मोठ्या नटीलाही साधली नसती. तिने नुसते हात जोडले तरी टाळ्या पडल्या.

मूळ संहितेत त्या मुलीला एक वाक्य होते. समारंभाच्या आधी दोघी पडद्याआड भेटतात तेव्हा ती म्हणते, "आनंदी, मी ख्रिस्ती झाले, तू हिंदूच राहिलीस. चल आता, तुझं नाव पुकारतील." हे वाक्य मी तालमीच्या आठवड्यात काढून टाकले. तालीम घेणाऱ्या आयांना सांगितले की वेळ पुरत नाही. वाक्य म्हणायला फार तर सहा सेकंद लागतात.

खरे कारण वेगळे होते. माझा एक जुना मित्र त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसणार होता. आम्ही दोघे एकाच वर्षी या देशात आलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच कुकरमधला भात खाल्ला. त्याच्या मुलाने चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून त्या घरात दिवाळीला मुलाचे पान मांडले जात नाही. बोलणे बंद नाही, पण विमा, गाडी, आईच्या औषधांचे रिफिल यांपलीकडे ते जात नाही. मुलगाही त्या संध्याकाळी येणार होता, मागच्या रांगेत. सणाच्या दिवशी उगाच कोणाच्या दुखण्यावर बोट नको, असा मी विचार केला आणि ओळ गाळली. आपण शहाणपणा केला असेच मला वाटत होते.

त्याच रात्री मुलाची एका ओळीची ईमेल आली, "काका, पंडिता रमाबाई ख्रिश्चन होत्या ना?"

मी तीन दिवस उत्तर दिले नाही.

या मुलाविषयी थोडे सांगायला हवे, आणि ते त्याला विचारूनच सांगतो आहे. तो इथेच जन्मला, आज चौतिशीचा आहे, हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि बहुतेक रात्रपाळ्या करतो. त्याने घरी बाप्तिस्म्याची गोष्ट सांगितली तेव्हा मित्राने मला फोन केला, "तू प्रोफेसर आहेस, तू समजाव." मी गेलो. जन्मभर संख्याशास्त्र शिकवले, पण त्या दिवशी इतिहासाचा प्राध्यापक झालो. गोव्याचे इन्क्विझिशन काढले, मिशनरी आणि इंग्रज सरकार काढले, आपल्या तत्त्वज्ञानाची खोली काढली. दीड तास बोललो. त्याने मध्येच उठून चहा केला, आले घालून, आणि शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही आलात हे मला आवडलं." वाद घालायला तो तयारच नव्हता, म्हणून मी चिडून घरी आलो.

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. तुम्ही सर्वांनी तेरा दिवस डबे आणलेत, ते मी विसरणार नाही. चौदाव्या दिवसापासून मात्र घर फार मोठे झाले. ज्याचे-त्याचे व्याप असतात, त्यात कोणाचा दोष नाही. हा मुलगा दर गुरुवारी संध्याकाळी येऊ लागला. सिंकमधली भांडी घासायचा, गराजमधला दिवा बदलायचा, मग बसायचा. बायबल त्याने कधी बरोबर आणले नाही. येशूचे नावही कधी आपण होऊन काढले नाही. शेवटी मीच एकदा विचारले, "तुला यातून नेमकं मिळतं तरी काय?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, झोप लागते."

मी हसलो. तो हसला नाही. पूर्वी वॉर्डात कोणी दगावले की घरी येऊन तो पलंगावर पडल्या पडल्या हिशेब मांडायचा. आपण कुठे कमी पडलो, काय आधी करायला हवे होते, आपण या कामाला लायक आहोत का. लहानपणी नव्वद मार्क मिळाले की उरलेले दहा कुठे गेले, हा जो हिशेब घरी व्हायचा, तोच आता मेलेल्या माणसांवर चालू होता, असे तो म्हणाला. आता तो दिवसाच्या शेवटी हिशेब दुसऱ्याच्या हातात देतो. "आधी पात्र हो आणि मग ये, असं तिथे कोणी म्हणत नाही," तो म्हणाला.

नव्वद मार्कांची गोष्ट ऐकून मी खाली पाहिले. त्याच्या वडिलांबरोबर मीही त्याची गणिते तपासली होती.

ईमेलला उत्तर द्यायचे म्हणून मी रमाबाईंचे पुन्हा वाचायला घेतले. या बाईंविषयी आपली सर्वसाधारण समजूत एका वाक्याची असते: विद्वान होत्या, विधवांसाठी शाळा काढली, आणि मग "बाटल्या". धर्म बदलला म्हणजे एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसणे, आणि तिथे बसल्याबरोबर शांती, अशी आपली कल्पना. बदलणाऱ्यांची आणि न बदलणाऱ्यांची, दोघांचीही. रमाबाईंचे तसे झाले नाही. किती वर्षे झाले नाही, ते पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा केलेला. आईने तेच मुलीला शिकवले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करत हिंडत असे, देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे आणि मिळेल ते खावे. १८७४ च्या दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. पैसा होता तो आधीच दानधर्मात आणि देवकार्यात गेला होता. सांगितलेली सगळी व्रते केली, सगळे उपवास केले, आणि शेवटी उपाशीच मेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघे देशभर पायी हिंडले, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटले. दोन वर्षांत भाऊ गेला. तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात सोडून, लग्न केले. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. बाईंना अजून चोविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

मग पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. वाँटेज नावाच्या गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधले एक घर दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची सेवा तिथे या भगिनी करत होत्या. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले. अशा बायकांची कीव करणारा धर्म त्यांनी तोपर्यंत पाहिला नव्हता. विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी तेव्हा ऐकली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि दोन वर्षांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. बाजूने बोलणारे थोडे, त्यांत जोतीराव फुले होते.

आता त्यांना शांती मिळाली म्हणायची का? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार छापला. तो वाचा. आपल्या मंडळाच्या वाचनालयात माझी प्रत ठेवली आहे, कव्हर फाटके आहे पण पाने पूर्ण आहेत. त्यात शांती फारशी नाही, भांडणे पुष्कळ आहेत. त्यांची दीक्षामाता सिस्टर जेराल्डिन हिच्याशी त्या प्रत्येक गोष्टीवर वाद घालतात. देव एक की तीन? बिशपने सांगितले म्हणून मी का मानावे? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का? माझ्या देशातल्या बायांना लॅटिन कळत नाही आणि मलाही येत नाही, मग संस्कृत का नको? बाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, ते मठातल्या काहींना जातीचा अभिमान वाटत होते. मला हा क्रुसाचा वाद फार आवडतो. त्यात सदाशिव पेठ दिसते.

तिथून १८८६ मध्ये त्या आपल्या या फिलाडेल्फियात आल्या. आनंदीबाईंचा समारंभ हे निमित्त, पण राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. ज्या आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ असे सांगितले होते, त्यांच्या पदवीदानाला ही ख्रिस्ती झालेली बाई, नात्यातली, समुद्र ओलांडून आली. दोघींना त्याची अडचण वाटली नाही. अडचण मला वाटली, एकशे अडतीस वर्षांनी, हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये.

अमेरिकेत रमाबाईंनी बालवाडीचे शिक्षण घेतले, गावोगाव भाषणे दिली, "द हाय-कास्ट हिंदू वुमन" हे इंग्रजी पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि तिने दहा वर्षे खर्च देण्याचे कबूल केले. इथल्या समाजावर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिले, "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" (१८८९), ते तुमच्या मुलांना मीरा कोसंबींच्या इंग्रजी भाषांतरात वाचता येईल. इथे येऊन राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते वाचावे, कारण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती बाई आपल्यापेक्षा जास्त डोळे उघडे ठेवून हिंडली होती. पण धर्माच्या बाबतीत ती इथे आणखीनच गोंधळली. रस्त्यागणिक वेगळे चर्च, प्रत्येकाचे मत वेगळे, प्रत्येकाचा दावा खरेपणाचा. बाबेलच्या मनोऱ्याची उपमा त्यांनी पुढे या गोंधळाला दिली.

१८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केले. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.

आणि मग १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, रमाबाईंना ते मिळाले जे त्या शोधत होत्या. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेची हकीकत इंग्रजीत लिहिली, "ए टेस्टिमनी" नावाची छोटी पुस्तिका. तिचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. याला निमित्त झाले विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र. या हॅस्लमचा किस्सा मजेदार आहे. कॉर्नवॉलमध्ये १८५१ साली तो व्यासपीठावर उभा राहून प्रवचन देत होता, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आले की आपण जे सांगतो आहोत ते आपल्यालाच मिळालेले नाही. स्वतःच्या प्रवचनाने त्याचे मन पालटले! चाळीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या मला हे कधी झाले नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांना तर नाहीच नाही.

रमाबाईंना नेमके काय उमगले? त्यांनी सांगितले त्यावरून मी असे समजतो. बालपणापासून त्यांनी एकच रीत पाहिली होती. पुण्य मिळवायचे असते, त्यासाठी आधी किंमत द्यायची असते, आणि ती किंमत कितीही दिली तरी पुरी होत नाही. आईवडिलांनी जीव देऊन ती किंमत मोजली. मग त्यांनी धर्म बदलला, पण सवय बरोबर आणली. नव्या घरातही त्या परीक्षेलाच बसल्या होत्या: सिद्धान्त तपासा, ग्रंथ वाचा, वाद जिंका, उत्तरे बरोबर आली की मग देव. आठ वर्षांनी त्यांना कळले की परीक्षा रद्द झालेली आहे. आहे तशी ये, लायक होऊन येऊ नको, ओझे खाली ठेव. मत्तयाच्या शुभवर्तमानात थकल्याभागल्यांना हाक मारणारे जे प्रसिद्ध वचन आहे, त्याच्या मराठी भाषांतरात "विसावा" हा शब्द येतो. माझ्या मते तो मूळ ग्रीक कल्पनेला इंग्रजी शब्दापेक्षा जवळचा आहे. विश्रांती घरी घेतात. विसावा वाटेवर घेतात. आळंदीची पालखी विसाव्याला टेकते ती पुढे चालण्यासाठीच.

इथे तुमच्यातले अनेक जण मनात म्हणत असतील की हे आमच्याकडेही आहे, त्यासाठी ख्रिस्ती कशाला व्हायला हवे? बरोबर आहे. मी तुकाराम गाथेचा वाचक आहे, मला ते सांगायला नको. लायकी नसताना जवळ घेणारा विठोबा आपल्याकडे सातशे वर्षे उभा आहे. पण वाचकहो, आपण आपल्या मुलांना त्याची ओळख कशी करून दिली ते आठवा. अथर्वशीर्ष पाठांतराची स्पर्धा ठेवली. वयोगट केले. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढला, आणि उच्चार चुकला तर अर्धा गुण कापला. त्या स्पर्धेचा परीक्षक सलग नऊ वर्षे मी होतो. माझ्या मित्राच्या मुलाला एकदा तिसरे बक्षीस मिळाले. ती ट्रॉफी अजून त्यांच्या बेसमेंटमध्ये आहे, खोक्यात. विठोबाला आपण घरी आणले ते मार्कलिस्ट घेऊन, आणि मग मुलाला झोप लागेना याचे आश्चर्य करत बसलो.

१८९१ नंतरच्या रमाबाई अधिक आरामात राहिल्या असे मात्र समजू नका. उलट, तिथून खरी दगदग सुरू झाली. त्या आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. दार बंद करा, असे सल्लागारांचे म्हणणे. बाईंनी दार बंद केले नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. मागची पत्रे आणि पुढचे लिखाण शेजारी ठेवून वाचले तर एक फरक दिसतो. तीच बाई, तोच हेका, पण आता ती चिडून उत्तरे देत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली. स्वतः उपाशी राहिलेली असल्याने कोणत्या चेहऱ्यावर किती दिवसांची भूक आहे हे तिला कळत असावे. पुण्याजवळ केडगावला माळरान घेतले होते, तिथे मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जण जेवत होते. शेती, माग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायका चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवत. पुणे-सोलापूर गाडीने मी लहानपणी किती वेळा केडगाव स्टेशनवरून गेलो असेन. खिडकीतून एकदा विचारले, "हे काय आहे?" वडील म्हणाले, "मिशनऱ्यांचं काहीतरी." एवढ्यावर विषय संपला. पुरते सत्तर वर्षांनी मला कळले की ते मिशनऱ्यांचे काहीतरी नव्हते. ते एका मराठी बाईचे होते.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. एकट्या बाईने, या वयात, या दोन भाषा शिकून. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी मुलगी. बाईंनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

हे सगळे मला पटते असे नाही. आपल्या ग्रंथांविषयी रमाबाईंनी उत्तरायुष्यात जे लिहिले ते काही ठिकाणी मला एकतर्फी वाटते. त्यांनी भाषांतरातही हिंदू वळणाचे शब्द कटाक्षाने टाळले. ज्या घरात आपल्याला जाच झाला त्या घरातली चांगली भांडीसुद्धा डोळ्यांसमोर नकोत, असे होते माणसाचे. दुसरीकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तेही ख्रिस्ती, पण आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल तुकाराम आहे असे म्हणत, अभंगात येशूला गात. आपल्यातल्या न्यू जर्सीवाल्यांसाठी एक गोष्ट: जस्टिन ॲबट हे अमेरिकन मिशनरी महाराष्ट्रात आयुष्य काढून समिट या तुमच्या गावी निवृत्त झाले, आणि तिथे बसून त्यांनी एकनाथ, तुकाराम, महिपती इंग्रजीत आणले. आपल्या नातवंडांनी आजही महिपतीचे संत वाचले तर बहुधा या पाद्र्याच्या भाषांतरात वाचतील. पुलावरून दोन्ही बाजूंची माणसे जातात.

टिळकांचा उल्लेख मात्र मी दुसऱ्या कारणासाठी केला. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांना ती बातमी कळली तेव्हाचे वर्णन "स्मृतिचित्रे"त आहे. मराठीत इतके खरे पान मी दुसरे वाचलेले नाही. ज्याला विसावा मिळाला त्याच्या घरच्यांचा विसावा त्याच दिवशी जातो, हे या बाईने कोणावरही राग न ठेवता लिहिले आहे. त्या पाच वर्षे हिंदूच राहिल्या. त्यातली काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळे आपले चालू ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एक दिवस विचार करता करता त्यांचे त्यांनाच जातिभेद माणसाने केला हे पटले, आणि मग १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण मला महत्त्वाची वाटतात ती मधली वर्षे. एका चुलीवर दोन धर्म, आणि रुसवेफुगवे, आणि विनोद. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या धर्मावर रागावल्या होत्या, तरी पुस्तकभर त्या माणसाचा हात सोडत नाहीत.

मी हा भाग फोटोकॉपी करून माझ्या मित्राला दिला. त्याने चष्मा लावून दोन पाने वाचली आणि म्हणाला, "ती बायको होती. मी बाप आहे. बापाचं वेगळं असतं." मी म्हटले, "वेगळं म्हणजे काय?" तो म्हणाला, "मुलगा म्हणतो त्याला शांती मिळाली. म्हणजे आमच्याकडे मिळत नव्हती. चाळीस वर्षं आम्ही काय केलं मग?" त्याचा राग येशूवर नव्हता, मिशनऱ्यांवर नव्हता, हे मला तेव्हा समजले. तो परीक्षेत नापास झालेल्या माणसाचा राग होता. त्यालाही रात्री झोप लागत नाही. मी त्याला ओळखतो ना.

मुलाच्या त्या ईमेलला मी उत्तर दिले ते असे: "हो. होत्या. मी ती ओळ लिहिली होती आणि काढली. माझी चूक." त्याने अंगठा पाठवला. गुरुवारी आला तेव्हा या विषयावर बोलला नाही, भांडी घासली, आणि जाताना विचारले की स्क्रिप्टची जुनी प्रत आहे का. मी दिली.

यंदाच्या कार्यक्रमात तेच नाटुकले पुन्हा होणार आहे, लोकाग्रहास्तव. आनंदीबाई बदलली आहे, कारण मागची मिडल स्कूलच्या ऑर्केस्ट्रात गेली. रमाबाई तीच आहे, आता तेरा वर्षांची, आणि तिला ते वाक्य पाठ झाले आहे. गेल्या रविवारी तालमीत तिने विचारले, "आजोबा, ती हे सांगताना सॅड आहे का?" मी म्हटले, "नाही, घाईत आहे. समारंभाला उशीर होतोय."

मित्राला आधी सांगावे म्हणून फोन केला. ओळ वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मागच्या वर्षी का नव्हती?"

"वेळ पुरत नव्हता," मी म्हणालो.

"यंदा पुरेल?"

"पुरेल."

"मग ठेव," तो म्हणाला, आणि कार्यक्रम किती वाजता आहे ते विचारले. तिकिटे किती काढू, असे मी विचारल्यावर म्हणाला, बायकोशी बोलून कळवतो. हा मजकूर संपादकांकडे पाठवेपर्यंत त्याने कळवलेले नाही. मी तीन काढून ठेवली आहेत.